गॅलरीचं दार लावत जा

तान्हा पोळा, दुपार

चि. वैशूस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर जे झालं ते झालं. फोन तू ठेवलास की मी, यावर ऋषीचं आणि बाबांचं अजून एकमत नाही. मला फोनवर धड बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. तुझा आवाज जरा खाली गेला की माझा वर जातो. म्हणून लिहायला बसले. ऋषी फोटो काढून पाठवील. अक्षर लागलं नाही तर विचार, डोळ्याच्या ऑपरेशनपासून रेघ सरळ राहत नाही.

तू महालक्ष्म्यांना येत नाहीस याचं मला काही वाटत नाही. वाटतं, पण ते सोड. मागच्या वर्षी हळदीकुंकवाला काकूंनी जे केलं, त्यानंतर मी त्यांच्या ओट्यावर पाय ठेवलेला नाही. यंदा आल्याच तर आंबील पितील आणि जातील. वैशाली कुठे आहे असं कोणी विचारलं की मी मोकळेपणी सांगते, बोटीने अमेरिकेला चालली. साउदम्प्टन ते न्यूयॉर्क. राणीच्या नावाची बोट आहे, क्वीन मेरी २, आणि २००४ साली इंग्लंडच्या राणीने स्वतः तिचं नाव ठेवलं. सरपंचबाई म्हणाल्या, विमान सात-आठ तासांत नेऊन सोडतं तिथे सात रात्री कशाला घालवायच्या? मी म्हटलं, ज्याला पोचायची घाई त्याने विमानाने जावं. बरं सुचलं ना? तुझ्याशी भांडताना असलं काही सुचत नाही.

भाड्याचं मात्र डोक्यातून जात नाही. एका माणसाला दोघांचं भाडं! खोलीचा दर दोन माणसं धरूनच लावतात, एकटं कोणी आलं तर दुसऱ्याचंही जवळपास तेवढंच घेतात, हे तू समजावलंस. २०१६ साली त्यांनी एकेकट्यांसाठी १५ खोल्या वेगळ्या काढल्या आणि त्या कधीच्या भरल्या, हेही सांगितलंस. मान्य. पण दोन हजार सातशेच्या आसपास माणसं नेणाऱ्या बोटीत पंधराच? एकट्या माणसांचा हिशेब कोणी केला होता? बाबा जे बोलले, "एवढ्या पैशात दोन एकराचं ठिबक झालं असतं, अन् हे पोट्टी खाली पलंगाचं भाडं भरते," ते तुला लागलं, मला कळलं. त्यांनाही कळलं. फोन झाल्यावर ते बगिच्यात गेले ते दिवेलागणीलाच आले. निखिलबद्दल त्यांना बोलता येत नाही ग. बोलायला गेले की ठिबकवर घसरतात.

ती बोट निखिलनेच निवडली होती हे मी विसरलेली नाही. इथे अंगणात बाजेवर बसून त्याने मोबाईलवर दाखवली होती, आणि त्यात कुत्र्यांसाठीही खोल्या आहेत, त्यांना फिरवायला वेगळी जागा आहे, हे सांगितल्यावर बाबा किती हसले होते. "कुत्रं नेता येते, बैल काऊन नाही?" तेव्हा तुम्ही दोघं जाणार होता.

असो. मला लिहायचं होतं ते वेगळंच. त्या खोलीला गॅलरी आहे म्हणालीस. आतल्या बाजूच्या बिनखिडकीच्या खोल्या असतात, स्वस्तही पडतात, तशी एखादी घेतली असती तर पैसेही वाचले असते. पैशासाठी म्हणत नाही मी. ऋषीने मला चित्रं दाखवली. काही गॅलऱ्या बोटीच्या पोटातच कापून काढल्यासारख्या आहेत, समोर छातीपर्यंत लोखंडाची भिंत. आणि वरच्या मजल्यांवर काचेच्या आहेत, बसल्या जागी खालचं पाणी दिसतं. तुझी कोणती? हे तू सांगितलं नाहीस. लोखंडाची असेल तर बरं. काचेची असेल तरी बरंच असेल म्हणा, पण रात्री दार लावून, कडी घालून झोपत जा. वारा असतो. आणि मोबाईल हातातून निसटला की गेला.

तू नर्स आहेस. रात्रपाळीला दुसऱ्यांची माणसं सांभाळतेस, त्या लीड्सच्या म्हातारीने तुला स्वेटर विणून दिला तो घालून तू व्हिडिओ कॉलवर आलीस तेव्हा मी चार घरी दाखवून आले. तुला मी दाराच्या कड्या शिकवाव्यात हे मलाही शोभत नाही. पण मास्तरकी हाडात मुरली आहे, रिटायर झाले तरी घंटा वाजली की उठून उभी राहते. तर दोन गोष्टी सांगून घेते. निघण्याआधी बोटीवर कवायत घेतात, ती चुकवू नकोस. सात छोटे भोंगे आणि एक लांब, म्हणजे सगळं सोडून आपल्या ठरलेल्या जागी जायचं. बाबांना कोणीतरी सांगितलं की टायटॅनिकही साउदम्प्टनहूनच निघाली होती, न्यूयॉर्कलाच चालली होती, आणि ते त्यांनी मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सांगितलं. तुझ्या बापाला वेळ कोणती हे कधी कळलं? मग मी ऋषीला उठवून सगळं वाचून घेतलं. १९१२ साली त्या बोटीवर बावीसशेच्या घरात माणसं होती आणि होड्यांत जागा ११७८ जणांची. ते झाल्यावरच नियम बदलले आणि सगळ्यांना पुरतील एवढ्या होड्या ठेवणं आलं. ती गेली एप्रिलात, बर्फाच्या दिवसांत. तू चाललीस भाद्रपदात. हे सगळं मी बाबांना सांगितलं आणि ते घोरायला लागले. मी मात्र जागीच.

तुला मोवाड आठवत नसेल, चार वर्षांची होतीस. ३० जुलै १९९१. वर्धा नदी गावात शिरली आणि २०४ माणसं गेली. आपल्या गावची पुरुष माणसं भाकरी घेऊन गेली होती मदतीला, बाबाही गेले. परत आले तेव्हा मांड्यांपर्यंत चिखल. विहिरीवर मी पाणी ओढत होते आणि ते पाय धूत होते. पाय केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी धूतच होते. मी बादलीमागून बादली ओढत राहिले, थांबा म्हणायची हिंमत झाली नाही. तिथे काय पाहिलं ते आजवर सांगितलं नाही. तेव्हापासून कौंडण्यपूरला गेलो तरी नदीत पाय घालत नाहीत, काठावर बसून लोट्याने अंगावर घेतात. २०२१ च्या गणपतीत झुंजला नाव उलटून अकरा जण गेले, त्या दिवशी तर टीव्हीच बंद करून टाकला. गणपतीपुळ्याला तू लाटेत धावलीस तेव्हा तुला वेणीला धरून मागे ओढलं होतं, तुला वाटलं मारलं, आणि तू देवळात जाईपर्यंत रडलीस. म्हणून म्हणते, रविवारचं मनावर घेऊ नकोस. त्यांचं ते ओरडणं अर्धं पैशाचं होतं आणि अर्धं पाण्याचं.

माझं पाण्याचं नाही. ३४५ मीटर लांबीची बोट एका लाटेने उलटत नाही एवढं मला समजतं. बाजूंना पंख बसवलेले असतात म्हणे, त्याने डोलणं कमी होतं. तरी पोटात ढवळलं तर सुंठ जवळ ठेव, आलेपाक मिळाला तर उत्तम, आणि बोटीच्या मधोमध, खालच्या मजल्यावर जाऊन बस, तिथे कमी हलतं. गॅलरीत बसू नकोस.

बघ, पुन्हा गॅलरी. आता नाही लिहीत.

जेवणाचं सांगते. आठ-आठ जणांची टेबलं असतात आणि अनोळखी माणसांबरोबर बसायची सोय असते, तशी मागून घे. खोलीत ताट मागवून एकटी जेवू नकोस. तुझं मला माहीत आहे, निखिल गेल्यावर तू उभ्यानेच पातेल्यातलं खात होतीस. अनोळखी माणसं बरी असतात, त्यांना आपलं काही माहीत नसतं, कीव करत नाहीत. काय करतेस विचारतील, नर्स आहे म्हण. कुठली विचारतील, तर नागपूर सांगू नकोस, आपला तालुका सांग. संत्र्यांचा मुलूख म्हण, तिकडे समुद्रावर कोणाला तरी कळू दे.

दोन रात्री नटूनथटून जेवायला जायचं असतं ना? तिथे करवतकाठी नेस. ती जांभळी, लग्नातली. असेल ना तुझ्याकडे? नसेल तर मी इथून पाठवलेली आता पोचायची नाही. पण असेल, तू टाकून द्यायची नाहीस. काळा झगा तिथे सगळ्याच घालतील. टिकली लाव. कोणाला काय वाटेल ते त्यांनी मला येऊन विचारावं, मी आहे इथे. आणि नेसून फोटो पाठव. काकूंना दाखवायचा आहे.

ऋषीने आणखी एक शोधून काढलं. एकट्या आलेल्या बायकांबरोबर नाचायला बोटीवाले पुरुष ठेवतात! सुटाबुटातले, बरेचसे वय झालेले, आणि कोणा एकीशीच नाचत बसायचं नाही असा त्यांना दंडक. मी ऐकून पदर तोंडाला लावला. मग विचार केला, काय वाईट आहे? तू शाळेच्या गॅदरिंगला नाचायचीस तेव्हा हेडमास्तर खुर्ची पुढे ओढून बसायचे. नाच हो. कोणी हात पुढे केला तर नाही म्हणू नकोस. बाबांना सांगायची गरज नाही.

बाबांचं एक ऐक, पण मी सांगितलं म्हणू नकोस. परवा सकाळी ते रस्त्याने पावलं टाकत चालले होते, ओठ हलत होते. मला वाटलं स्तोत्र म्हणताहेत. मारुतीच्या पारापासून निघाले, झेडपीच्या शाळेवरून पुढे गेले आणि आटाचक्कीपाशी थांबले. परत येऊन म्हणाले, "पारावर शेंडी ठेवली त शेपूट आटाचक्कीपर्यंत येते तिच्या बोटीचं." तेव्हापासून जो येईल त्याला दारात उभं करून दाखवतात, इथून तिथपर्यंत. पोस्टमनलाही दाखवलं. ठिबकचं नाव नाही.

मीही मोजमाप केलं, हसू नकोस. अमेरिकेच्या बंदरात जाणाऱ्या प्रवासी जहाजांसाठी तिथल्या सरकारने २०१० साली कायदा केला, कठडा ४२ इंचाहून कमी उंचीचा नको. खोलीच्या दाराला बाहेरचं बघायला भोक पाहिजे, असंही त्यात आहे. मी शिलाई मशीनच्या खणातली टेप काढली आणि भिंतीला लावून ४२ वर बोट धरलं. आपण दोघी सारख्याच उंचीच्या. छातीच्या जरा खाली येतो. म्हणजे तोल जाऊन कोणी पडेल असं नाही. मुद्दाम चढल्याशिवाय कोणी

हे खोडणार होते, पण ऋषी म्हणतो खोडलेलं फोटोत जास्तच दिसतं. राहू दे.

जानेवारीत तू रात्री दोन वाजता फोन केला होतास. इथले दोन नाही, तुमच्याकडचे, इथे साडेसात झाले होते, मी चहा गाळत होते. त्या फोनमधलं एक वाक्य मला रोज आठवतं. ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस की थकले होते, पाळी लांबली होती, तसं काही नव्हतं. मी विश्वास ठेवला. मग तू त्या डॉक्टरीणबाईंकडे जायला लागलीस, ते मला फार बरं वाटलं, आपल्याकडे लोक मनाच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की तोंड लपवतात. आता तुझा आवाज चांगला येतो. रविवारी ओरडलीस तेव्हाही चांगलाच होता, खणखणीत, मी बाबांना म्हटलंसुद्धा. तर बोटीवर एखाद्या रात्री तसंच काही वाटलं, तर किती वाजले ते बघू नकोस. मला लाव. लागला नाही तर दार उघडून बाहेर जा, कॉरिडॉरचं दार, माणसांच्या बाजूचं. बोटीवर दवाखाना असतो, तिथे डॉक्टर असतात, तुझ्यासारख्या नर्सा असतात. त्यांना जाऊन सांग. ज्या तोंडाने तू रोज पेशंटना सांगतेस, बोला, मनात ठेवू नका, त्याच तोंडाने सांग.

झालं. याच्यावर आता मी बोलणार नाही आणि तूही उत्तर देऊ नकोस. फक्त रोज एक मेसेज टाक. नुसतं "हो" लिहिलंस तरी चालेल. पश्चिमेला जाताना सातांपैकी पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे करतात ना? मी मांडून बघितलं. निघताना तू आमच्या साडेचार तास मागे असशील आणि पोचताना साडेनऊ. म्हणजे तू सकाळी आठला टाकलास तर पहिल्या दिवशी इथे साडेबारा, माझं वरण चुलीवर असेल. शेवटच्या दिवशी साडेपाच, गाई यायची वेळ. मधले दिवस मी कॅलेंडरवर पेन्सिलने लिहून ठेवले आहेत. नेट उपग्रहावरून येतं, कधी जातं, हेही ऋषीने बजावलं आहे, तेव्हा तासभर उशीर झाला म्हणून मी काही गाव गोळा करणार नाही. दोन तास झाले तर सांगता येत नाही.

शेवटच्या दिवशी पहाटे उठ. न्यूयॉर्क यायच्या आधी एका मोठ्या पुलाखालून बोट जाते आणि तिचं धुराडं पुलाला लागतं की काय असं वाटतं, थोड्याच फुटांचं अंतर राहतं. बोटच मुळी त्या पुलाखालून जाईल अशा बेताने बांधली आहे. मग तो हातात मशाल घेतलेला पुतळा. हे निखिलने सांगितलं होतं, की सगळे प्रवासी अंधारातच वर येऊन उभे राहतात. तेव्हा तू पण वर जा. गॅलरीत नको, वरच्या डेकवर, सगळ्यांमध्ये. शाल घे, वारा झोंबेल. पिंट्या बंदरावर घ्यायला येतो म्हणाला आहे, त्याला वेळेचा भरवसा नाही, तू बाहेर येऊन उभी राहू नकोस, आतच बस.

इथलं ठीक. पावसाने आंबियाची फळगळ सुरू आहे, सकाळी झाडाखाली पिवळा सडा पडतो आणि बाबा वाकून एकेक उचलून बांधावर टाकतात. दोनदा फवारलं. काल पोळ्याला सर्जाला तू पाठवलेल्या पैशातून नवी झूल घेतली, आज आळीतली पोरं लाकडी बैल घेऊन दारात येऊन गेली, सगळ्यांना दहा-दहा दिले. तुझा लाकडी बैल माळ्यावर आहे, एक चाक गेलं आहे.

बाबा पाठीमागे उभे राहून हे वाचताहेत आणि एक लिही म्हणतात. बोटीवर एवढी माणसं, एवढे नळ, पोहायचे हौद, तर गोडं पाणी आणतात कुठून? ऋषीने सांगितलं, समुद्राचंच खारं पाणी घेतात आणि इंजिनाच्या उष्णतेवर वाफ करून गोडं करतात, चालत्या बोटीत. तेव्हापासून चैन नाही. आपल्या बोअरने आठशे फुटांवर हात टेकले आणि हे लोक खाऱ्यातून काढतात, हे त्यांना सहनच होत नाही. ते मशीन दिवसाला किती पाणी काढतं, किती हॉर्सपॉवरचं आहे आणि डिझेल किती खातं, हे विचारून यायला सांगितलं आहे. मी म्हटलं, अहो, ती पाहुणी आहे, तिला इंजिनाच्या खोलीत कोण जाऊ देईल? तर म्हणाले, "इचारलं त सांगतीन. कास्तकाराची पोट्टी आहो म्हनाव."

तुझी,
आई